रविवारचं बाईमाणूस

आई गेल्यानंतर माझ्या धाकट्या भावानं, युवराजनं, मला सांगितलं की तिचे रविवारचे बाजार खोटे होते.

मी बीडला नोकरी करते. रविवारी आईला भेटायला गावी यायचे, तर ती वडवणीच्या बाजाराला गेलेली असायची. दुपार कलल्यावर यायची, पिशवीत चार वांगी घेऊन. "गर्दी लई होती," म्हणायची. माझ्या वाट्याला परतीच्या बसपर्यंतचा वेळ उरायचा. त्या सगळ्या रविवारी ती पंचशीलाकडे होती. नातवाला अंघोळ घालत होती.

युवराज आणि पंचशीलाचं लग्न झालेलं नाही. आधी आमच्या घरानं जातीवरून नाही म्हटलं. तिला दिवस गेल्यावर घर तयार झालं, तेव्हा तिनं नाही म्हटलं. शेवटी वकिलांसमोर ठरलं: बाळ आईकडेच राहील, बापानं रविवारी दोन तास येऊन भेटावं, पण त्याच्याबरोबर घरातलं बाईमाणूस पाहिजे.

"आता तूच हायेस, आक्का," युवराज म्हणाला. "तू न्हाई आलीस तर मला दारातनंच माघारी फिरावं लागंल."

"आईनं मला का सांगितलं नाही?"

"तू म्हणली होतीस, त्या पोराचं नाव माझ्यापुढं काढू नका म्हणून."

म्हणाले होते. तरीही रविवार माझा होता.

वडवणीत पंचशीलाची आई दगडाबाई अंगणातल्या फरशीवर पाय पसरून बसली होती. मांड्यांवर तेल लावलेलं उघडं बाळ किंचाळत होतं. पंचशीला तांब्यानं पाणी ओतत होती. ओतण्याआधी तिनं धार स्वतःच्या मनगटावर घेतली, मग बाळाच्या टाळूवर आडवा तळवा धरला. माझं डोकं धुताना आई तसाच तळवा धरायची.

"कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"तुमच्या आईनंच शिकवलं. बाळंतपणाच्या टाक्यांमुळं मला बसता येईना, तवा त्याच घालायच्या."

मला तिचा तो तळवा बाजूला सारावासा वाटला.

"माझे गुडघे गेले, बाई," दगडाबाई म्हणाली. "तुमच्या आईच्या पायावर ह्यो झोपायचा. तुमी बसा की. पाय तसेच दिसत्यात, लांबडे."

मी सलवार गुडघ्यापर्यंत सारून पाटावर बसले. बाळ नडग्यांवर ठेवलं तशी ते आणखी मोठ्यानं रडलं.

"ओळखत नाही मला," मी म्हणाले.

"तुमच्या आईला तरी कुठं वळखत होतं? पयल्या रविवारी अंगावर मुतलं त्यांच्या."

युवराज हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या लुगड्यावर मुतलेलंसुद्धा यांनी पाहिलं होतं, आणि मी घरी तिची वाट बघत बसले होते.

अंघोळ झाली. पंचशीलानं बाळाला फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. ते हुंदके देत शांत झालं, मग झोपलं. दारापाशी युवराज दोन्ही हात पुढं करून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आईनं किती वेळ असं धरलं असेल, तेवढा वेळ तरी मला हवा होता.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "माझे दोन तास चाललेत."

मी बाळ त्याच्याकडे दिलं. ओढणी ओली झाली होती.

"फुडच्या रविवारी येताल न्हवं?" पंचशीलानं विचारलं.

"येईन," मी म्हणाले. "पण पाणी मी ओतणार. तू बघायचं."