माझ्या खाचा कुणी झाकल्या?

मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. आपली कहाणी सांगताना आवाज गोड ठेवावा, मधूनमधून उसासा टाकावा, अशी रीत आहे म्हणे. ज्यांना जमते त्यांनी ती पाळावी. माझ्या पोटात मध्यंतरी लोकांचे बूट भरले होते. ज्या पोटात वर्षानुवर्षं चहा, साखर आणि दुधाचं भांडं नांदलं, त्या पोटात चिखलाचे बूट. तुमच्या पोटात कुणी बूट कोंबले तर तुम्ही गोड बोलाल का, ते सांगा.

आणि मला नुसती पेटी समजू नका. मी प्रवासातलं स्वयंपाकघर आहे. व्हॅनच्या मागच्या दारातून मला आत सरकवायचं, मुक्कामाला उतरवायचं, चार पाय लावायचे की झाला ओटा. माझं झाकण पुढे उघडतं आणि दोन साखळ्यांवर आडवं राहतं. त्यावर कांदे चिरा, बटाटे सोला, काय हवं ते करा. डाव्या अंगाला पाण्याच्या कॅनची जागा, मधे शेगडी, तिच्या मागे वारा अडवणारा पत्रा. उजव्या फटीत सुरी, टोक आत. वरच्या बाजूला चार कप्पे, आणि सगळं रामायण त्या चार कप्प्यांचंच आहे.

मला घडवलं उस्तादांनी आणि त्यांच्या मेहुण्याने. उस्ताद म्हणजे आमच्या घरातले म्हातारे गृहस्थ. आयुष्यभर मालट्रक चालवला, रस्त्याच्या कडेला शेगडी मांडून आपलं जेवण आपण केलं, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पुढे ट्रक सुटला, बायको गेली. मुलगा आणि सून सुट्टी मिळाली की व्हॅन काढून भटकायला निघत, उस्तादांनाही नेत, आणि मुक्कामावर सगळ्यांचा स्वयंपाक उस्ताद करत. एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. त्यासाठी ते दोन सुट्ट्यांच्या मधले दिवस कसेबसे ढकलत.

मेहुणा सुतार. त्याच्या दुकानात, एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. तो रंधा मारत होता आणि उस्ताद डोळे मिटून माझ्या कडा चाचपत होते.

"भाऊजी, झोप आली का?" सुताराने विचारलं.

"डोळे उघडले तरी काय मोठं दिसतंय," उस्ताद म्हणाले. "तुझ्याकडे बघतो तर मला तुझे कान दिसतात. तोंडाच्या जागी धुकं. मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं राहिलंय."

सुताराने रंधा खाली ठेवला. "घरी माहीत आहे?"

"नाही. आणि तुझ्या तोंडूनही कळता कामा नये. कळलं तर मला शेगडीपाशी उभं करतील का? खुर्चीत बसवतील आणि हातात कप देतील."

सुतार भला माणूस, पण जिभेने तिखट. "मग बोटं भाजून घ्या म्हणजे झालं," असं म्हणाला, आणि कानस घेऊन कामाला लागला. माझ्या कप्प्यांच्या पुढच्या पट्टीवर त्याने खाचा पाडल्या. पहिला कप्पा चहाचा, तो गुळगुळीत. दुसरा साखरेचा, त्याला एक खाच. तिसरा हळदीचा, दोन खाचा. चौथा मिठाचा, तीन खाचा, आणि तो मुद्दाम साखरेपासून लांब. अंगठा फिरवला की कळलं पाहिजे, असं उस्तादांचं म्हणणं. त्यांनी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवून पाहिला आणि मग सुताराच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

त्यानंतरची वर्षं माझी खरी वर्षं. मुक्कामाला पोचलो की उस्ताद आधी गाडीतून उतरून नुसते उभे राहत आणि गालावर वारा घेत. मग मुलाला सांगत, "गाडी वळव, पाठ वाऱ्याकडे कर." मला उतरवलं की माझ्या झाकणावर पाण्याने भरलेली ताटली ठेवत. काठाला बोटं लावून पाणी कोणत्या बाजूला जास्त आलंय ते बघत आणि त्या बाजूच्या पायाखाली चपटा दगड सरकवत. ताटलीतलं पाणी सारखं होईपर्यंत कुणालाही बिस्किटसुद्धा मिळत नसे. गॅसची नळी लावली की कान खाली नेऊन ऐकत, नाक लावून हुंगत, आणि मगच काडी ओढत. भात शिजला की नाही हे झाकणाच्या आवाजावरून सांगत. शेजारी तंबू ठोकलेले लोक वास घेत यायचे आणि मला बघून म्हणायचे, "वा, काय सोय केलीय." उस्ताद माझ्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, "आमच्या मेहुण्याचं काम आहे." मी फुगायची. का फुगू नये?

आता सूनबाईंकडे वळते. नीट ऐका, कारण ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वाईट असती तर मला राग धरणं सोपं गेलं असतं. ती शाळेत शिकवते. तिच्या वर्गात खडूसुद्धा रांगेत उभे राहतात. एका सुट्टीच्या आदल्या दिवशी तिची नजर माझ्याकडे वळली.

"किती गबाळं आहे हे," ती नवऱ्याला म्हणाली. "एक डबा पत्र्याचा, एक पितळेचा, एक औषधाचा, एक प्लास्टिकचा. बाबांना सापडतं तरी कसं यात? मी छान लावून देते. त्यांना सोपं जाईल."

सोपं जाईल. हे शब्द ऐकून माझ्या बिजागऱ्या करकरल्या, पण बिजागऱ्यांची भाषा कुणाला येते? तिने जुने डबे काढून माळ्यावर टाकले. उस्तादांच्या बोटांना त्या डब्यांचं पोट ओळखीचं होतं. त्यांच्या जागी चार बरण्या आणल्या, चौघी एकीसारखी दुसरी. मग त्या मुळाक्षरांच्या क्रमाने लावल्या, शाळेतल्या हजेरीसारख्या. चहा, मीठ, साखर, हळद. घात बघा कसा झाला. चहा आपल्या जागी राहिला आणि साखरेच्या जागी मीठ येऊन बसलं. वरून तिने सुंदर अक्षरात लेबलं लिहिली आणि ती कुठे चिकटवली? माझ्या पट्टीवर, खाचांवर. "सुताराने इथे कानस घसरवलेली दिसते," असं म्हणून तिने कागद दाबून दाबून बसवला. कानस घसरली म्हणे! त्या माणसाच्या हातून उभ्या जन्मात कानस घसरली नव्हती.

त्या सुट्टीत सूनबाईंचे आईवडील सोबत होते. म्हणजे उस्तादांचे व्याही आणि विहीणबाई, पहिल्यांदाच आमच्याबरोबर आलेले. तळ्याकाठी गाडी लावली, माझी ताटली झाली, दगड झाले. उस्तादांनी पाणी उकळायला ठेवलं. चहा बरोबर सापडला. मग अंगठा पट्टीवरून पुढे सरकला आणि कागदावरून घसरला. ते थांबले. पुन्हा फिरवला. कागदच.

त्या वेळी त्यांनी एक शब्द विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण समोर व्याही उभे. बरणीखाली ठळक अक्षरात नाव लिहिलेलं, आणि हा माणूस विचारणार की साखर कुठली? त्यांनी मनात मोजलं, पहिला चहा, दुसरी साखर, आणि दुसऱ्या कप्प्यातली बरणी उचलली. मी ओरडत होते, मित्रांनो. मला तोंड नाही हा माझा दोष आहे का?

व्याह्यांनी घोट घेतला आणि सज्जनपणे गिळला. विहीणबाईंना ते जमलं नाही. त्यांना ठसका लागला. मुलाने आपला कप तोंडाला लावला आणि गवतावर ओतून टाकला.

"बाबा, मीठ घातलंत," तो म्हणाला. "एवढं मोठं लिहिलेलं असताना."

"लक्ष नव्हतं," उस्ताद म्हणाले.

"राहू द्या आता. दमता तुम्ही. यापुढे आम्ही करू, तुम्ही आराम करा."

किती प्रेमाने म्हणाला. त्याच प्रेमाने त्याने खुर्ची उघडून उस्तादांना तीत बसवलं आणि त्यांच्या हातात कप दिला. अगदी ते सुताराला म्हणाले होते तसंच. लक्ष नव्हतं म्हणे! ज्याचं लक्ष वाऱ्यावर, पाण्यावर, नळीच्या फुसफुसीवर असायचं, त्याला हे खोटं बोलावं लागलं. मला अजून त्याचा संताप येतो.

पुढच्या सुट्टीला नवीन स्वयंपाकघर आलं. ॲल्युमिनियमचं, घडीचं, चकचकीत, वाऱ्याची झुळूक आली की थरथरणारं. माझ्यात बूट आणि टायर बदलायचा जॅक गेला. त्या नव्या ओट्यावर दुधाचं पातेलं कलंडलं तेव्हा मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? उस्ताद खुर्चीत बसून होते. कुणी कप दिला की घेत, रिकामा झाला की कुठे ठेवू म्हणून विचारत. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या वेळी मी येत नाही. तुम्ही दोघं जा." मुलाने एकदा आग्रह केला आणि सोडून दिला.

पुढची सुट्टी जवळ आली तशी मला भंगारात द्यायचं ठरलं. सूनबाई माणूस नीट, भंगारसुद्धा धुऊन देणारी. तिने मला अंगणात ओढलं, बूट काढले, पाणी ओतलं आणि घासायला घेतलं. लेबलं भिजून सुटली. ती पट्टी पुसत होती आणि तिचा अंगठा एका खाचेत अडकला. मग दोन. मग तीन. ती थबकली. घसरलेली कानस एक, दोन, तीन अशी ओळीने घसरते का? निदान हा प्रश्न तिला पडला, तेवढं श्रेय मी देते.

तिने उस्तादांना हाक मारली. ते आले. तिने त्यांचा हात धरून माझ्या पट्टीवर ठेवला. अंगठा आपोआप निघाला. गुळगुळीतवर थांबला, एका खाचेवर थांबला.

"ही साखर?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तीन खाचा?"

"मीठ."

ती जमिनीवर बसली. "बाबा, तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी सगळं सांगितलं, कान, धुकं, सगळं. "ही पेटी व्हायच्या आधीपासून," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गॅसजवळ फिरकू दिलं असतंत?"

तिने जुने डबे माळ्यावरून शोधून काढले, पितळेचा, पत्र्याचा, औषधाचा, प्लास्टिकचा, आणि उस्तादांनी सांगितलं तसे ठेवले. मग म्हणाली, "नळी तेवढी मी तपासणार. बाकी तुमचं तुम्ही बघा." उस्ताद जरा कुरकुरले, पण कबूल झाले.

मुद्दाम तिने त्याच तळ्याकाठी त्याच माणसांना बोलावलं. मला उतरवताना मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला, बसा ना. मागच्या वेळी ते मीठ..."

"मीठ मी घातलं होतं," सूनबाई म्हणाली.

"तू? तू कुठे होतीस शेगडीपाशी?"

"मी नव्हते, पण बरणी मी हलवली. खुणा मी झाकल्या. बाबांना डोळ्यांनी दिसत नाही, खाचांवरून कळतं, आणि त्या खाचांवर मी कागद चिकटवला. चहा बाबांनी बरोबर केला होता. चूक माझी होती." हे तिने आपल्या आईवडिलांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मुलगा गेला, चपटा दगड शोधून आणला आणि बापाच्या हातात दिला.

ताटली झाली. पाणी उकळलं. अंगठा पट्टीवरून निघाला. व्याही घोट घेण्याआधी क्षणभर थांबले, आणि त्यासाठी मी त्यांना बोल लावणार नाही. मग त्यांनी कप रिकामा करून पुढे केला. "उस्ताद, अजून अर्धा मिळेल?"

"अर्धा कशाला, पूर्ण घ्या," उस्ताद म्हणाले.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं तरी गबाळं कपाट असेल, वेडावाकडा डबा असेल, कुणाची तरी चष्म्याची जागा ठरलेली असेल. तुमचे हात शिवशिवतील, तिथे टापटीप करावीशी वाटेल. आधी विचारा. नुसतं "आवरू का?" एवढं नव्हे, "हे असंच का?" हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हात मागे ठेवा. प्रेमाने केलं म्हणून चुकीचं बरोबर होत नाही, हे मी माझ्या पोटातल्या बुटांच्या साक्षीने सांगते.

आणि हो, माझ्या दुसऱ्या कप्प्याच्या पट्टीवर अजून थोडा गोंद चिकटून आहे. उस्तादांचा अंगठा तिथे दर वेळी अडखळतो आणि मग त्याला खाच सापडते. तो गोंद कुणीतरी खरवडून काढा.