उष्टी रोटी

दारावर थाप पडली तेव्हा मी बशीवर निळी डाळिंबं रंगवत होते. कुंचला असा घसरला की एका डाळिंबाला शेपूटच फुटलं.

"मावशी, उघडा. मी बोतिर."

बोतिर आमच्याच गल्लीत वाढलेला, आता पोलिसात. माझी लेक जुल्हुमोर पहाटेच घराबाहेर पडली होती. परवा कुंभारांची घरं पाडायला यंत्रं आली, तेव्हा तिने समोर उभं राहून स्वतःची कविता म्हटली. कविताच ती, कुणाच्या डोक्यात दगड घातला नव्हता! मी जन्मभर बशांवर डाळिंबं काढली, मला कुणी जाब विचारला नाही. तिच्यासोबत उभे राहिलेले दोघे मात्र उचलले गेले, ते अजून परतले नाहीत. दुपारपर्यंत तिने सीमा ओलांडायला हवी होती. तोवर कुणाला कळता कामा नये.

दाराकडे वळले आणि भिंतीवरचा खिळा दिसला.

खिळ्याला रोटी टांगलेली होती. प्रवासाला निघणाऱ्याने रोटीचा एक चावा घ्यायचा, उरलेली त्याची वाट बघत भिंतीवर राहते. परतल्यावर त्यानेच ती संपवायची. दुसऱ्या कुणी खाल्ली तर काय, ते आम्ही बोलत नाही. डोळे पुसता पुसता सवयीने मीच ती टांगली होती. वेडी कुठली! गावातलं शेंबडं पोरही त्या रोटीवरून ओळखेल की या घरातून कुणीतरी दूर गेलंय.

रोटी काढून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली आणि दार उघडलं.

"जुल्हुमोर कुठाय?"

"लग्नघरी गेलीय, पुलावाची गाजरं चिरायला. बस ना, चहा घे."

तो बसला. पाहुण्यासमोर रोटी मोडायचीच असते, म्हणून मोडली. दातांच्या खुणा असलेला तुकडा माझ्या हातात राहिला. बोतिरची नजर हाताकडे वळली, तसा मी तो तोंडात कोंबला.

पण गिळवेना. गिळला तर मीच तिची परतीची वाट बुजवली असती.

"कधी येणार ती?"

मी गालाला हात लावला.

"दाढ का? लवंग धरा, मावशी. आणि पोरीला जरा आवरा. कविता करते म्हणे! उजवून टाका एकदाची."

मी मान डोलावली. तो सावकाश, चहात बुडवून माझ्या लेकीची रोटी खात होता. तोंडात तुकडा विरघळत चालला होता, मी जिभेने तो गालाशी दाबून धरला होता. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

निघताना बोतिर भिंतीपाशी थांबला.

"खिळा रिकामाच आहे," तो हसला. "म्हणजे गेलं नाही कुणी कुठे. चला, लग्नघरी बघून येतो."

दार लावून मी तुकडा तळहातावर घेतला. हरभऱ्याएवढा उरला होता, दातांची खूण पार गेली होती. रुमालात बांधून तो खिळ्याला टांगला. रुमाल काय, कुणीही टांगतं. मग बोतिर परत यायची वाट बघत खिळ्याखाली बसून राहिले.