गादीखालची वही

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ती बाई, हाताची मोठी सफाईदार. पण सव्वा महिन्याच्या लेकीला, ठकीला, उचलताना तेच हात जड व्हायचे. तपासणीला गेली तेव्हा नर्सबाईंनी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. मनात येईल ते रोज लिहून काढ, शोभेसाठी लिहू नकोस, आणि गुरुवारी वही घेऊन ये, असं त्यांनी बजावलं.

तिने लिहिलं : 'ठकी रडली की उठावंसं वाटत नाही. कुणाचं तरी मूल सांभाळायला दिलंय आणि न्यायला कुणी येतच नाही, असं वाटतं.' मग वही गादीखाली सरकवली.

दुसऱ्याच दिवसापासून सासूबाई दुपारची झोप सोडून मटार सोलायला तिच्या खोलीत येऊन बसू लागल्या. ती आंघोळीला निघाली की ठकीला आपल्याकडे घेऊ लागल्या. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, आईला नातीचं कौतुक. पण बोलला तो बुटाची लेस बांधत, वर न बघता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने वहीच्या पानांत दोरा ठेवून पाहिला. संध्याकाळी दोरा गादीवर पडलेला.

मग तिनेही डोकं चालवलं. आज ठकी हसली, मला आभाळ ठेंगणं झालं, असं तीन दिवस गोडगोड लिहिलं. तरी सासूबाई हलेनात. उलट त्यांनी आपलं अंथरूणच तिच्या खोलीत आणून टाकलं.

चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. "आई, तुम्ही माझी वही वाचता ना?"

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "वाचते. चादर बदलताना हाती लागली. चुकलंच माझं."

"मग आता बरं चाललंय माझं. तसं लिहिलंय की."

"आधीचं वाचलं तेव्हा वाटलं, पोर दमलीये, सोबत बसावं. पण हे नवीन वाचलं आणि मी अंथरूणच इकडे आणलं. ते तू कुणासाठी लिहितेस गं?"

तिला रागही आला आणि रडूही. शेवटी तिने त्यांच्यादेखतच वही काढून लिहिलं : 'मागची तीन पानं खोटी आहेत.'

गुरुवारी नर्सबाईंनी सगळी पानं वाचली, खोटीसुद्धा, आणि लगेच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं.

यापुढे वहीला हात लावणार नाही, असं सासूबाईंनी कबूल केलं. तिने मान डोलावली. तरी वही कपाटात बंद करून किल्ली स्वतःकडेच ठेवू लागली. ठकीकडे बघून अजून काही वाटत नव्हतं. तिने तेही तसंच लिहिलं.