सैल हाताची उशी

आपण भरलेल्या गादीवर हत्ती नाचला तरी खळगा पडायचा नाही, असं गादीवाला सगळ्यांना सांगायचा. त्याची बायको मात्र नव्या नवलाईत एकदाच उशी भरायला बसली होती. ती इतकी सैल झाली, की पुढे तीस वर्षं घरात काहीही ढिलं पडलं, भाजी पातळ झाली, दोरी सुटली, की तो म्हणायचा, "झाली बघ तुझी उशी!" बायको ते हसण्यावारी न्यायची.

यांची लेक बागेतल्या तळ्याची देखरेख करायची. त्या उन्हाळ्यात तळ्यावर हिरवागार तवंग चढला, पोहणाऱ्यांची अंगं खाजू लागली आणि बागेच्या साहेबांनी सांगून टाकलं: दोन महिन्यांत पाणी निवळलं नाही, तर तळं बुजवून तिथे गाड्या लावू. लेक पोहायला शिकली होती ती याच तळ्यात, बापाच्या खांद्यावरून उड्या मारत. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पण ती हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. "बाबा, जवाचं काड जाळीच्या पिशव्यांत भरून पाण्यात तरंगत ठेवायचं. ते हळूहळू कुजताना जे पाझरतं, त्यानं नवं शेवाळ धरत नाही. जुनं मी रोज जाळीनं काढीन. पिशव्या द्याल भरून? सैल भरा हं."

"तू मला भरायला शिकवणार?" बाप म्हणाला आणि हौसेनं कामाला लागला. गुडघा रोवून, दांडक्यानं ठासून त्यानं चाळीस पिशव्या भरल्या आणि स्वतःच होडीतून सोडून आला. भलताच खूश होता.

तिसऱ्या आठवड्यात पिशव्या बुडाल्या आणि नाक धरावं असा वास सुटला. लेकीनं एक ओढून फाडली. आत काळा चिखल.

"बाबा, यात पाणी खेळलंच नाही. हवा लागली नाही की काड नुसतं सडतं. सैल म्हटलं होतं ना मी?"

"अगं, नेहमीपेक्षा सैलच भरलं होतं," तो पुटपुटला. त्याला मनापासून वाईट वाटलं. आपल्या तोऱ्यापायी पोरीचे तीन आठवडे पाण्यात गेले होते.

तो पुन्हा बसला. पण हात ऐकतील तर शपथ! तिसऱ्याच पिशवीची पुन्हा वीट झाली. बायको दारातून बघत होती.

"सरका," ती म्हणाली.

तिनं काड नुसतं मोकळं करून पिशवीत सोडलं. गादीवाल्यानं दांडकं बाजूला ठेवलं. मग तो तिला पिशव्यांची तोंडं बांधून देत बसला.

मुदतीच्या दिवशी साहेब काठावर वाकले. तळाचे खडे दिसत होते, त्यांच्यावरून मासे फिरत होते. साहेबांनी बुजवण्याचा कागद घडी करून खिशात घातला.

"छान! पिशव्या कुणी भरल्या?"

लेकीनं बापाकडे पाहिलं. गादीवाल्यानं शेजारच्या बायकोकडे बोट दाखवलं.

"हिनं. हिच्या हाताला ते पहिल्यापासून जमतं. मलाच कळायला तीस वर्षं लागली."

बायकोनं पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"झाली की नाही माझी उशी?"