कापलेली ओळ

मुलांना जपायचं म्हणजे नेमकं कशाकशापासून, असं आजच्या आईबापांना कोणी विचारलं तर यादी लांबलचक निघेल. अपेक्षाची यादी तर त्यांच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला दोनदा गुंडाळता आली असती!

करी रोडला चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर ती राहायची. खिडक्यांना दुहेरी जाळ्या. शाळेच्या व्हॅनवाल्याच्या लायसन्सचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये. लेकीच्या, सहा वर्षांच्या मनूच्या डब्यात द्राक्षंसुद्धा चार चार तुकडे करून जायची.

"आता त्या द्राक्षांना हेल्मेट पण घाल," असं तिचा नवरा गौतम म्हणायचा.

"हस तू. काही झालं तर मग सांगशील."

तिने मनूला एक नियम घोटून शिकवला होता. शाळेत घ्यायला कोणीही आलं, अगदी ओळखीचं आहे म्हणालं तरी, आधी विचारायचं, "माझं पूर्ण नाव सांगा. माझी बिल्डिंग सांगा." बरोबर सांगितलं तरच हात धरायचा. हा नियम तिला फार पक्का वाटायचा.

त्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर गुणाजी बुवा राहत. मूळचे मालवणकडचे, एकेकाळचे गिरणी कामगार, आता पंचाहत्तरीचे. चाळ गेली, पण बुवांचं भजन मंडळ गेलं नाही. ते खालच्या हॉलमध्ये आलं. शनिवारी दुपारी तालीम असायची आणि मनू आपली छोटी झांज घेऊन पहिल्या रांगेत. बुवांनी स्वतः रचलेले गजर तिला तोंडपाठ झाले होते. मंडळाची एक रीत होती. दुसऱ्या बुवाचा गजर गायचा असेल तर त्याच्यापुढे नारळ ठेवून विचारायचं, आणि गाताना ज्या ओळीत त्याचं नाव येतं ती ओळ गाळायची नाही.

एका शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी मनू आपल्याच नादात गजर म्हणू लागली. अंगात युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, मागे शाळेची पाटी. अपेक्षाने मोबाईल काढला. इतकं गोड दृश्य कोणती आई सोडेल?

ऑफिसात पोचल्यावर तिने तो व्हिडिओ पाहिला. जरा लांबला होता. लांबलेलं कोणी बघत नाही, म्हणून तिने शेवटची ओळ कापली. खाली लिहिलं, 'आमची मनू, वय सहा. शनिवारी साडेअकराला शाळा सुटली की थेट आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये, भजनाला! पारंपरिक गजर.' बिल्डिंगच्या नावासकट टाकून दिलं.

घरी आल्यावर तिने तो मनूला दाखवला, तर मनूने विचारलं, "आई, बुवांना नारळ दिलास?"

"अगं, व्हिडिओला कसला नारळ?"

चार दिवसांत तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. कुठल्याशा म्युझिक चॅनलने तो खालच्या मजकुरासकट उचलला, मनूच्या आवाजाखाली धडाधड बीट्स घातले आणि आपल्या नावाने चढवला. दोन लाख लोकांनी पाहिला! लिफ्टमध्ये बायका अपेक्षाला थांबवून कौतुक करायच्या. गौतम तिला "सेलिब्रिटीची मातोश्री" म्हणू लागला. आपल्याला विचारलं कुठे त्यांनी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण कौतुकाच्या भरात ते विरून गेलं.

पुढच्या शनिवारी ऑफिसला सुट्टी होती, म्हणून व्हॅनऐवजी मनूला आणायला ती स्वतः निघाली, पण शाळेत पोचायला सात मिनिटं उशीर झाला. फाटकाशी मनू नव्हती.

अपेक्षाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ती तशीच रस्त्याकडे धावली. आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानापाशी तिला ती दिसली. एका अनोळखी बाईचं बोट धरून, निवांत चाललेली!

"मनू!"

ती बाई दचकून थांबली. "अहो, घाबरू नका. मी इथलीच, परळची. तुमच्या मनूचं गाणं आमच्या घरी रोज लागतं. सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांना फार आवडतं. शाळा सुटायची वेळ खाली लिहिली होती ना, म्हटलं भेटावं. तिला एक खोडरबर घेऊन देत होते, बस."

बाई भली होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, वारंवार माफी मागत निघून गेली. पण घरी पोचेपर्यंत अपेक्षाने मनूचा हात सोडला नाही. ती भली होती, हे केवळ नशीब!

घरात पाऊल टाकताच तिचा संयम सुटला. "किती वेळा सांगितलंय, अनोळखी माणसाचा हात धरायचा नाही म्हणून? नियम विसरलीस?"

"नाही विसरले," मनू रडवेली झाली. "मी विचारलं तिला. माझं पूर्ण नाव सांगा. तिने सांगितलं. बिल्डिंग पण सांगितली. मग हात धरला. सगळं बरोबर होतं, आई!"

अपेक्षाने मोबाईल उघडला. आयकार्डावर पूर्ण नाव, खाली बिल्डिंगचं. कुलूप तिने स्वतः लावलं होतं आणि किल्ली दोन लाख लोकांना वाटून आली होती!

तिने तिथल्या तिथे आपला व्हिडिओ काढून टाकला. पण चॅनलवरचा तसाच चालू होता, आणि त्याच्या आणखी नकला निघाल्या होत्या. तिने चॅनलला लिहिलं. उत्तर आलं, 'गाणं पारंपरिक आहे, असं आपणच नमूद केलं होतं. व्हिडिओ सर्वांसाठी खुला होता.' तिने अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली. तिथून ठरावीक ओळ आली, 'तपास सुरू आहे.' दोन दिवस तेच. त्या दोन दिवसांत पाहणारे वीस हजारांनी वाढले.

सोमवारी दादरच्या ऑफिसात तिच्या सहकारी ओलिव्हियाने तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून समोरच बसली. ओलिव्हिया गिरगावची, खोताच्या वाडीत वाढलेली, आणि आधी दहा वर्षं एका म्युझिक कंपनीत हक्कांचे कागद सांभाळलेली.

सगळं ऐकून ती म्हणाली, "ऐक. व्हिडिओ तू काढलास, म्हणजे व्हिडिओवर हक्क तुझा. ती तक्रार तू कर. लहान मुलीचा चेहरा न विचारता वापरला, हे ठळक लिही. पण गाणं ज्याचं, त्याने वेगळी तक्रार करायची. दोन्ही बाजूंनी पकडलं की ह्यांना पळायला जागा नाही. गाणं कोणाचं?"

"नवव्या मजल्यावरच्या बुवांचं."

"आणि लिहिलंस काय? पारंपरिक! जिता-जागता माणूस दोन मजले खाली बसलाय आणि तू त्याला पारंपरिक करून टाकलास?"

"त्यांना विचारायलाच हवं होतं," अपेक्षा पुटपुटली.

"मग जा ना खाली!" ओलिव्हिया म्हणाली. "मला काय सांगतेस?"

ते दोन मजले उतरणं अपेक्षाला फार जड गेलं. संध्याकाळी कोपऱ्यावरून नारळ घेतला, मनूला बरोबर घेतलं आणि बुवांची बेल वाजवली. बुवा पखवाजाला कणीक लावत बसले होते. तिने नारळ पुढे ठेवला.

"आता नारळ?" बुवा हसले. "वरात गेल्यावर अक्षता आणलंस गो!"

"तुम्हाला कळलंय, बुवा?"

"काल शंतनून मंडळाचा रेकॉर्डिंग मोबाईलवर टाकल्यान. माझाच गजर, मीच गातंय. तर मोबाईल म्हणता, ह्या गाणा कुठल्याशा चॅनलच्या मालकीचा. आवाजच बंद केल्यान!" शंतनु, मंडळाचा पेटीवाला, कालपासून चिडून बसला होता. बुवा मात्र चिडलेले नव्हते. ते फक्त थकलेले दिसत होते, आणि अपेक्षाला तेच सोसवेना.

तिने सगळं सांगितलं. फाटक, खोडरबर, मनूचा नियम, काही लपवलं नाही.

बुवांनी कपाटातून एक जुनी, पुठ्ठा निसटलेली वही काढली. पानावर निळ्या शाईत तो गजर, खाली तारीख. ऐंशीच्या दशकातली.

"वाच शेवटची ओळ. तू कापलंस ती."

अपेक्षाने वाचलं. 'गुणा म्हणे, भोंगा मुका झाला; टाळ मुका नको करू.'

"गिरणी बंद पडली तेव्हा लिहिलंय. घरात पोरां लहान. हाताक काम नाय. ह्या एका ओळीवर त्या दिवसांत उभो रवलंय मी. बाकीचो गजर कोणीही लिहिल्यान असतो. माझा म्हणून जा काय आसा, ता ह्याच ओळीत."

"बुवा, मला खरंच ठाऊक नव्हतं. नुसती लांबी कमी करायला..."

"ठाऊक नव्हता, कारण तू विचारलंस नाय." बुवांनी वही मिटली. "गाणा सगळ्यांनी गावचा, बाय. मी काय तिजोरीत ठेवूक लिहिलंय? पण विचारून गावचा आणि नाव घेऊन गावचा. नारळ म्हणजे काय गो? फक्त विचारणा. समोरच्याक नाय म्हणूची संधी. त्या चॅनलवाल्यान तुका ती दिल्यान?"

"नाही."

"तू माका दिलंस?"

अपेक्षाने नकारार्थी मान हलवली.

"आणि ह्या चेडवाक?" बुवांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला. "तिका विचारलंस, तुझा नाव, तुझी शाळा, तुझो चेहरो जगाक देव काय? माझा नाव जगात जावक व्हया होता, ता तू कापलंस. हिचा घरात ऱ्हवाक व्हया होता, ता वाटलंस. सगळाच उलटा झाला गो बाय!"

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू अपेक्षाला आवरेना. नवरा, सासू, शाळेच्या बाई, कोणाच्याही बोलण्याने जे उमजलं नसतं ते त्या एका वाक्याने लख्ख उमजलं. ज्या चॅनलला ती दोन दिवस चोर म्हणत होती, त्याने केलं तेच तिनेही केलं होतं. फक्त लहान प्रमाणावर, एवढंच!

"रडतंस कित्याक? बस. खंय सही करूची ता दाखव."

बुवांच्या टेबलावरच दोन्ही तक्रारी भरल्या. मनूच्या चेहऱ्याची अपेक्षाने, गजराची बुवांनी, वहीच्या पानाचा फोटो जोडून. 'रचनाकार' ह्या रकान्यात अपेक्षाने बुवांचं पूर्ण नाव टाईप केलं. बुवा चष्मा सावरून ते दोनदा वाचत राहिले.

"एवढा मोठा नाव आसा माझा?" ते म्हणाले, आणि मनू खुदकन हसली.

पाचव्या दिवशी चॅनलवरून व्हिडिओ उतरला. मंडळाच्या रेकॉर्डिंगचा आवाज परत आला. नकला मात्र सगळ्या गेल्या नाहीत. अजूनही एखादी कुठून तरी डोकं वर काढते, आणि अपेक्षा पुन्हा तक्रार भरते. बाहेर गेलेली गोष्ट पूर्णपणे परत येत नाही, हे तिने मान्य केलंय. घरचा नियमही बदलला. आता एक खुणेचा शब्द आहे, तो फक्त तिघांना माहीत. गौतमने तोही चेष्टेवारी नेला, पण खालच्या हॉलच्या दारावर पाटी त्यानेच लावली. 'तालमीचं शूटिंग करण्याआधी बुवांना विचारा. मुलांचं करण्याआधी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारा.' पहिल्याच शनिवारी चार जणांनी मोबाईल वर धरून मग खाली घेतले आणि बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान डोलावली. तेवढंच लागतं!

महिन्याभराने मंडळाने गजर नव्याने टाकायचं ठरवलं. मनूचाही आवाज हवा होता. अपेक्षाने तिच्यासमोर मांडी घातली.

"मनू, तुझा आवाज टाकला तर चालेल?"

मनूने बराच विचार केला. "आवाज चालेल. तोंड नको. माझं नाव पण नको."

"बरं. आणि?"

"आणि बुवांचं नाव कापू नको."

त्या व्हिडिओत फक्त दोन छोटे हात दिसतात, झांज वाजवणारे. कोणाचे, ते बिल्डिंगबाहेर कोणाला ठाऊक नाही. आणि शेवटी गजर पूर्ण होतो, गुणा म्हणे, भोंगा मुका झाला. टाळ मुका नको करू. खाली रचनाकाराचं नाव. पाहणारे जेमतेम सहाशे. बुवांनी मात्र तो स्वतः अकरा वेळा पाहिला, असं शंतनु सांगतो.

वाचकहो, आपल्या हातातल्या मोबाईलला विचारण्याची सवय नाही. ती आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. दुसऱ्याने घडवलेली गोष्ट घेताना त्याचं नाव राखा, आणि आपल्या लेकरांचं नाव पुढे करण्याआधी हात आवरा. त्यांना बोलता येत असेल तर त्यांना विचारा. बोलता येत नसेल, तर येईपर्यंत थांबा!