अर्ध्या तासाची कॅसेट

मित्रांनो, वरंधच्या भिकाजीच्या घरात फळीवर गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला जो डबा दिसतो, तो मी, एक जुना टेपरेकॉर्डर. माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला; तिथलं मला काही आठवत नाही. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या एका गाववाल्याने मला मनसोक्त वापरलं आणि मग भिकाजीच्या गळ्यात मारलं. भिकाजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जायचा. त्याने मला घरी आणलं तेव्हा अख्खी वाडी बघायला लोटली. एकाने तर माझ्यापुढे खोकून स्वतःचा खोकला तीनदा ऐकला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा गर्व चढला होता.

तो उतरला चौऱ्याऐंशी सालच्या वीस मार्चला. त्या दिवशी चवदार तळ्यावर माणसांचा पूर येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. महाडात गावभर मंडप उभे राहतात आणि गायन पार्ट्या गातात. त्या वर्षी दुपारी तीनला तीन ठिकाणी एकदमच गाणं होतं. मोठ्या मंडपात मुंबईचा नावाजलेला गायक, शाळेच्या पटांगणात पोलादपूरच्या पार्टीचा सवाल-जवाबाचा सामना, आणि भातगिरणीमागे, एवढ्याशा मंडपात, सुंदराबाईंची बायकांची पार्टी.

भिकाजीची थोरली बहीण चंपाबाई तेव्हा पाय मोडून घरात पडली होती. ती गाणी रचायची. तिचं पाण्याचं गाणं तिची जिवाभावाची मैत्रीण सुंदरा गायची. या पार्ट्यांची रीत अशी, की रचणाऱ्याचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात येतं आणि गाणाऱ्याने ते घ्यायचंच. पण सुंदरा लग्न होऊन महाडात गेली, तिची पार्टी नावारूपाला आली, आणि कुणीतरी चंपाबाईचे कान भरले, की ती आता शेवटी स्वतःचंच नाव घालते. तेव्हापासून नऊ वर्षं दोघी बोलत नव्हत्या.

"ते गाणं भरून आण," चंपाबाई भिकाजीला म्हणाली. "ती माझं नाव घेती का नाय, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं हाय."

वाडीतल्या मालोजीनानांनी मात्र भिकाजीला वाटेतच अडवलं. "मुंबईवाल्याचं आण रे. बायकांचं काय, कधीपण ऐकू."

भिकाजी कुणाला नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. त्याच्याकडे कॅसेट एकच, आणि तिची एक बाजू मेव्हण्याच्या लग्नाने भरलेली. उरला अर्धा तास. त्याने ठरवलं, थोडं मुंबईवाल्याचं, थोडा सामना आणि बाकी सगळं सुंदराबाईंचं.

मोठ्या मंडपात गायक उभा राहिला आणि भिकाजीने घाईने माझं बटण दाबलं. तेवढ्यात सत्कार सुरू झाला. हार झाले, मग हार घालणाऱ्यांची भाषणं झाली. मध्येच बंद केलं तर सुरुवात चुकेल, या भीतीने भिकाजीने मला थांबवलंच नाही. माझी फीत एका चाकावरून दुसऱ्यावर सरकत होती आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. गाणं जेमतेम दोन कडवी भरलं आणि तो पळत सुटला. शाळेच्या पटांगणाशी कुणाचा तरी झणझणीत सवाल कानी पडला. तिथेही त्याचे पाय चार मिनिटं रुतले आणि तेवढी फीतही गेली.

गिरणीमागे आलो तेव्हा पाण्याचं गाणं नुकतंच सुरू झालं होतं. शेवटचं कडवं कोणतं, हे भिकाजीला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने पहिल्यापासून मला लावलं. सुंदराबाईंचा आवाज असा लागला होता, की लोक एकेक कडवं पुन्हा मागत होते आणि त्या देत होत्या. भिकाजी माझ्या काचेतून फितीकडे बघत होता. शेवटच्या कडव्याला सुंदराबाईंनी श्वास घेतला आणि माझं बटण खटकन वर आलं. फीत संपली.

माझं चाक थांबलं, कान नाही. चंपाबाईचं नाव आलं, लख्ख आलं. पण ते माझ्यात नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो, तेव्हा चंपाबाईने मला उशाशी घेतलं. सत्कार ऐकला, सामना ऐकला, सुंदराचा आवाज येताच ती उठून बसली. मग खट.

"फुडं?"

"घेतलंन तुझं नाव, ताई. मी ऐकलं."

"तू माझा भाऊ हायस. मला बरं वाटावं म्हणून कायपण सांगशील." ती भिंतीकडे वळली. मला इतकी लाज कधीच वाटली नाही.

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "कसं घेतलंन, गाऊन दाखव."

भिकाजीला सूर कशाशी खातात हे माहीत नव्हतं. तरी तो गायला. "म्हणे वरंधची चंपा, चंपा गो चंपा, पाणी समद्यांचं हाय." मग ओशाळून म्हणाला, "मधीच ती अडखळली बघ. ते 'गो चंपा' कुठनं आणलान काय ठाऊक. ओळ विसरली असंल."

चंपाबाईने पदर तोंडाला लावला. "विसरली नाय रे. भात लावताना मी गाणं जुळवत मागं राह्यले, की ती बांधावरनं अशीच हाक मारायची. ते गाण्यात नाय. कुणाला ठाऊकपण नाय."

ती रडली आणि हसलीही. दुसऱ्या दिवशी तिने भिकाजीला पुन्हा महाडला धाडलं, निरोप घेऊन: पाय बरा झाला की येते. मला नेलं नाही.

मित्रांनो, आता माझा पट्टा तुटला आहे आणि सेलच्या जागी गंज आहे. कधी फळी पुसलीत तर माझ्यावरूनही फडकं फिरवा, एवढं पुरे. पण कुणाशी तुमचं ऐकीव गोष्टीवरून बोलणं तुटलं असेल, तर माझ्यासारखा डबा धाडू नका. स्वतः जाऊन मंडपात पुढे बसा.