भाव जुळवून मिळेल

रबरबँड होतं. फोनच्या कव्हरभोवती दुहेरी पीळ घालून चढवलेलं, आणि त्याच्याखाली दाबून बसवलेला पेन्सिलीचा बोटभर तुकडा... फोन काउंटरवर ठेवला गेला तेव्हा तिला आधी तेवढंच दिसलं, कारण मान खाली घालून ती मागच्या गिऱ्हाइकाची नोंद पुरी करत होती. आणि तेवढ्यानंच तिची पाठ आपोआप ताठ झाली. जगात रबरबँडं ढिगानं असतील, पेन्सिलीही असतील, पण फोनला पेन्सिल बांधून बाजारात उतरणारी बाई तिच्या माहितीत एकच होती.

मान वर करायला तिनं जरा वेळ लावला. नोंदीतला एक आकडा पुसला, तोच पुन्हा भरला.

‘भाव जुळवून मिळेल’ ही पाटी डोक्यावर घेऊन या काउंटरवर बसायला लागल्याला तिला दीड वर्ष झालं होतं. दुकान एवढं मोठं की एका टोकाला पडदे आणि दुसऱ्या टोकाला टायर; आणि गंमत अशी की हेच दुकान फोनमध्ये जास्त स्वस्त होतं. तीच वस्तू, तेच खोकं, तेच गोदाम — पण मांडणीवर एक भाव आणि दुकानाच्याच ॲपवर दुसरा. ज्याच्या लक्षात येईल त्यानं इथं यायचं, फोन दाखवायचा, फरक वजा करून घ्यायचा. ज्याच्या लक्षात येणार नाही त्याच्या जिवावर दुकानाचे दिवे जळायचे. माणसं कशी येतात ते तिला आता पाठ झालं होतं. कुणी बाह्या सरसावून, कुणी चोर पकडल्याच्या थाटात, आणि पुष्कळ जण ओशाळं हसत, फोन तळहाताआड धरून, जणू कमी पैशांत घेणं हा काही आजार आहे...

ही बाई यांतल्या कशातच बसत नव्हती. शिंप्यानं कापडावर टेप टाकावी तसा तिनं फोन ठेवला होता. काम सुरू.

“नमस्कार मॅडम, कोणत्या वस्तूचा भाव बघायचा?”

वाक्य पाठातलं, सवयीनं बाहेर आलं, आणि बाहेर आल्यावर तिचं तिलाच टोचलं. मॅडम! सहा वर्षं आई म्हटलं होतं या बाईला. घटस्फोटाच्या कागदावर सही झाली की नवरा पूर्वीचा नवरा होतो, ते ठीकच. पण सासूचं काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तीन वर्षांत तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

“शिलाई मशीन,” सासू म्हणाली. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. “मांडणीवर तुमचा भाव नऊ हजार दोनशे. ऑनलाइन सात हजार नऊशे. हे बघा.”

तुमचा. बघा... पहिल्याच भेटीत, चहा ओतता ओतता, ‘अगं, साखर किती घालू?’ असं विचारणारी बाई होती ही. तिच्या तोंडून अहोजाहो ऐकताना तिला आपणच कुणी तिसरी असल्यासारखं वाटलं. म्हणजे राग होता तर. तीन वर्षं मुरलेला. की ओळखच द्यायची नाहीये? चष्मा तर पुसून आलेली दिसते...

शिलाई मशीन हा शब्द तिच्यापर्यंत मागाहून, सावकाश पोचला.

कारण जुनं मशीन तिच्याकडे होतं. ती घर सोडून निघाली त्या सकाळी सासूनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन सामानाची यादी केली होती, दोन रकान्यांची, एक ‘घर’ आणि एक ‘ती’ — नवरा आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता — आणि बावीस वर्षं ज्याच्यावर शेजारपाजारच्या पँटी आखूड करून दिल्या ते स्वतःचं मशीन सासूनं ‘ती’च्या रकान्यात लिहिलं. “मला नको,” ती म्हणाली होती. “तुला विचारलं कुणी? असू दे. हाताशी काहीतरी असावं.” आणि तिनं काय केलं? पहिल्या महिन्यात एक उशीचा अभ्रा शिवला, तोही वाकडा. मग ही नोकरी लागली. आता त्या मशीनवर इस्त्री न केलेले कपडे साचतात, इतके, की खाली मशीन आहे हे मी विसरून जाते... रविवारी कपडे उचलले की आठवतं, कपडे पुन्हा ठेवले की विसरतं.

म्हणजे तीन वर्षं ही बाई हातानं शिवत होती. आणि भाव उतरायची वाट बघत होती.

वाट बघणं म्हणजे काय ते सासूकडून शिकावं. ॲपवरच्या टोपलीत वस्तू टाकायची आणि तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. “दुकान म्हणजे रुसकं पोर असतं,” ती म्हणायची. “आपण लक्ष दिलं नाही की येतं आपणहून मांडीवर.” आणि यायचं! कधी दहाव्या दिवशी कूपन यायचं, कधी तिसऱ्या आठवड्यात थेट भावच पडायचा. तोवर तिनं घरपोच आणून द्यायचे पैसे, जिना चढवायचे वेगळे पैसे, दुकानापर्यंतचं बसभाडं, असलं सगळं पेन्सिलीनं मांडून ठेवलेलं असायचं, कारण तिच्या मते पाटीवरचा भाव म्हणजे भावाचं नुसतं नाक. बाकीचा चेहरा आपण हुडकायचा. कंजूष म्हणणारे म्हणत. तिचा मुलगा तर चारचौघांत म्हणायचा, टाळी मागून. पण कंजूष माणसाकडे पैसा बसून राहतो, आणि हिनं वाचलेल्या पैशाला कधी बूड टेकू दिलं नाही. गाद्यांच्या फरकातून सासऱ्यांचे दात झाले. आणि फ्रिजच्या फरकातून, कुणाला न विचारता, सुनेच्या कॉम्प्युटर कोर्सची फी — ज्या कोर्सवर पुढं ही नोकरी लागली, ही फिरती खुर्ची मिळाली, जिच्यावर बसून सून आता तिला मॅडम म्हणत होती.

“पान ताजं करून बघावं लागेल,” ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

इथंच पुष्कळांची विकेट जायची. दुकानात शिरलं की ॲपला वास लागायचा, गिऱ्हाईक आत आलंय, आता कुठं जातंय. पान खाली खेचलं की भाव टुणकन उडी मारून मांडणीवरच्या भावाशेजारी जाऊन बसायचा, आणि माणूस ओरडायचा, आत्ता तर होता हो, देवाशप्पथ!

“खेचा,” सासू म्हणाली. “हलायचं नाही ते.”

तिनं खेचलं. गोल फिरलं, थांबलं. सात हजार नऊशे.

“ठिकाण बंद केलंय मी त्यातलं. आत पाऊल टाकलं की भाव वाढवतं मेलं. आमचे पाय काय सोन्याचे आहेत?”

पलीकडच्या टेबलावर सुपरवायझरनं मान उचलून बघितलं. तिनं ओठ आत दाबून धरले. हसू नाकातून निसटायच्या बेतात होतं. दीड वर्षात शेकड्यांनी माणसं या काउंटरवर हरून परत गेली होती — त्यांत दोन इंजिनियर, एक बँकवाला — आणि ही बाई, जिला सहा वर्षांपूर्वी फोनमधला घड्याळाचा गजर तिनंच लावून दिला होता...

मग अर्ज उघडला. वस्तू, मांडणीचा भाव, ऑनलाइन भाव, फरक. शेवटी तो प्रश्न, दिवसातून चाळीसदा न वाचता ज्याच्या ‘नाही’वर बोट पडायचं:

ग्राहक कर्मचाऱ्याचे नातेवाईक आहेत का? हो / नाही.

बोट हवेतच राहिलं.

‘हो’ दाबलं तर अर्ज वर जाणार, मुख्य कचेरीत, चार दिवस. आणि ऑनलाइनचा हा भाव आज रात्रीपर्यंतच होता. ‘नाही’ दाबलं तर तेराशे वाचले, विषय संपला. काउंटरच्या पलीकडच्या बाजूला गिऱ्हाइकासाठी दुसरा पडदा असतो, त्यावरही हाच प्रश्न, एवढ्याच ठळक अक्षरांत. सासू तो वाचत होती. नाही — वाचत नव्हती. तो तिथं येणार हे तिला ठाऊक होतं. नियम वेबसाइटवर असतात, सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि औषधाच्या खोक्याची मागची बाजूसुद्धा सोडत नाही असं हे माणूस. तुमचा. बघा. खेचा. म्हणजे तो राग नव्हता? सुपरवायझरच्या कानावर जावं म्हणून, नोकरीला धक्का नको म्हणून बाईनं पहिल्या वाक्यापासून घातलेलं ते कुंपण होतं? की मीच सोयीचं काढतेय सगळं... राग असता तरी असंच बोलली असती.

आणि ‘नाही’ तर खरंच होतं. शिक्क्यानिशी खरं. एवढी खरी गोष्ट दाबायला बोट एवढं जड का व्हावं?

“दाबा ना,” सासू म्हणाली, नजर पडद्यावरच. “त्यात खोटं काय आहे?”

तिनं दाबलं. प्रिंटरनं घुर्र करून मंजुरीची चिठ्ठी ओकली.

“झालं का गं?” मागून आवाज आला. सासरे. खांद्यावर पिशवी, चालण्यात तोच जुना बेफिकीर झोल. तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते उजळलेच. “अरे! अगं, तू! केवढी वाळलीस!”

सुपरवायझरची मान पुन्हा वर.

“ह्यांना सगळ्यांनाच अगं म्हणायची खोड आहे,” सासू त्या दिशेला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, दातांतून, “तुम्हाला बाकावर बसा म्हटलं होतं.”

“बसलो की. बसून बसून कंटाळलो. दोन बस बदलून इथवर यायचं आणि बाकावर बसायचं! मी हिला म्हटलं, फोनवरून मागव, फुकट दारात येतं, त्याच भावात. तर म्हणे—”

“मशीन हाताळून घ्यावं लागतं.”

“हाताळलं कधी? आपण तर दारातून सरळ इकडेच आलो.”

सासूनं चिठ्ठी उचलली, उलटी केली, कोऱ्या बाजूकडे बघत राहिली.

आणि सुनेच्या डोक्यात, शिकवल्याप्रमाणे, मांडणी सुरू झाली: दोन माणसं, दोन बस, जाऊन येऊन, वर मशीन न्यायची रिक्षा, वर सबंध सकाळ. घरी बसून तेच मशीन त्याच पैशांत. हिशेब सपशेल आतबट्ट्याचा होता. तिनं पुन्हा मांडून पाहिला, कारण या बाईचा हिशेब चुकलेला तिनं आजवर पाहिला नव्हता, आणि चुकला असेल यावर तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता. कुठला तरी एक रकाना होता, जो कागदावर दिसत नव्हता...

सुपरवायझर उठून पाणी प्यायला गेला.

“आई,” ती भरभर, खालच्या आवाजात म्हणाली, “ते मशीन तसंच पडून आहे. मी वापरत नाही. कधीच नाही वापरलं. हे नका घेऊ.”

सासूनं पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून.

“तेल घातलंस त्यात?”

“नाही.”

“मग जाम झालं असणार.” पेन्सिल निघाली, चिठ्ठीच्या पाठीवर टेकली. “आणायचं म्हणजे टेंपो. टेंपोचे आठशे तरी घेईल. वर चढवायला एक माणूस. तू बरोबर येणार, ते काय नुसत्या टेंपोवाल्याच्या हवाली करशील? म्हणजे दुपार होणार. म्हणजे जेवून जाणार...”

पेन्सिल तिथं थांबली. जेवणाचा आकडा तिनं मांडला नाही.

“ती आली तर मी भाजी आणीन,” सासरे म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा.” आणि मग, एकदम कामाच्या आवाजात, “परत करायला किती दिवस असतात गं?”

“तीस.”

“खोकं फोडलं तर?”

“तरी चालतं.”

“नाही फोडणार,” सासू म्हणाली. चिठ्ठीची चौकोनी घडी घातली आणि पैसे भरायच्या रांगेकडे चालू लागली. सासरे मागं वळून हात हलवत, कुणाच्या तरी ट्रॉलीला धडकत, तिच्या मागोमाग. जाताना येते म्हणाली नाही. ये म्हणाली नाही. रांगेत उभी राहून पुढच्या माणसाच्या ट्रॉलीतल्या वस्तूंवर तिनं एक नजर टाकली आणि किंचित मान हलवली — हा लुटला गेला, अशी.

पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, किटलीचं खोकं काखेत मारून. “मॅडम, हे परत करायचं झालं तर तीस दिवस म्हणजे आजचा दिवस धरून की सोडून?” रोज कुणी ना कुणी विचारायचंच.

“सोडून,” ती म्हणाली. “उद्यापासून मोजायचे. आजचा वरचा.”

आजचा वरचा. वाक्य नेहमीचंच होतं... ती किटलीचा भाव बघू लागली, पण डोळ्यांपुढं मशीन होतं, कपड्यांच्या ढिगाखालचं, काळं, गप्प. आज घरी गेल्यावर ढीग हलवायचा. टेंपोचं नंतर, टेंपो बोलवायचा की नाही हेही नंतर, त्या दाराची घंटा पुन्हा वाजवायची आपल्यात ताकद आहे का, आतल्या खोलीतून कोण बाहेर येईल — ते सगळं नंतर. आधी तेल. पण तेल नेमकं घालतात कुठं? चाकाच्या बाजूला एक भोक होतं, सुईच्या दांड्यावर एक, खाली झाकणाआड आणखी दोन की तीन. सासू घालायची तेव्हा ती शेजारीच उभी असायची, बोलत, हसत, आणि बघितलं म्हणून कधी बघितलंच नव्हतं. तिनं आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. आठवेना. कुणाला तरी फोन करून विचारावं लागणार होतं — आणि आठवत नाही याचंच तिला, का कोण जाणे, फार बरं वाटत राहिलं.